ओहोळाकडच्या खाचराचे मार्क

आमच्या गावाने एकदा शेतं सारवली होती. अंगण नव्हे, ओटा नव्हे, शेतं! हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा संशयाने बघतो. पण शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मी स्वतः बांधावर गेले होते, त्यामुळे या प्रकरणात माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा मिळायचा नाही.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे. नव्वदीचं दशक संपता संपता लग्न होऊन मी शहापूर तालुक्यात आले, किन्हवलीच्या बाजूच्या एका गावात. नवरा कल्याणच्या पुढे एका कंपनीत कामाला. तो उजाडायच्या आत घर सोडायचा, त्यामुळे घरात खरं राज्य सासूचं होतं. मी तिला आत्या म्हणायचे. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण आवाज असा की तिने ओट्यावरून हाक मारली की दोन घरं सोडून पलीकडची म्हैस मान वर करायची. सासरे मी येण्याआधीच गेले होते. त्यांची ओळख मला झाली ती फक्त शेतातून.

आमचं एक खाचर ओहोळाच्या वळणावर होतं. खाचर म्हणजे बांध घालून सपाट केलेला भाताचा तुकडा. पण हे आयतं मिळालेलं खाचर नव्हतं. तिथे पूर्वी नुसती उतरती वरकस जमीन होती, नाचणीसुद्धा नाखुशीने यायची. सासऱ्यांनी आणि आत्याने तो उतार फोडला, पाट्यांनी माती वाहिली, दगड रचले आणि कितीतरी उन्हाळे घालवून तिथे भाताची जमीन तयार केली. घरचा खायचा तांदूळ तिथून यायचा. आत्या दुसऱ्या शेतांना ‘वरचं’, ‘खालचं’ म्हणायची आणि याला ‘माझं’.

अडचण एकच होती. ओहोळ वळण घेताना नेमका या खाचराच्या कोपऱ्यावर येऊन आदळायचा. दर आषाढात तिथला बांध फुटायचा. पाऊस वाढला की आत्या डोक्यावर इरलं घेऊन, हातात फावडं घेऊन निघायची. पूर्वी दोघं जायची, आता ती एकटी जायची. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी तिच्या मागे धावत गेले, तर ही बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून भगदाडात दगड, फांद्या, मातीची ढेकळं जे हाती येईल ते कोंबत होती आणि ओहोळाला शिव्या देत होती. मीही कोंबू लागले. शिव्या मात्र मला माहेरच्या तेवढ्याच येत होत्या, त्या दिल्या.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या पावसाळ्यात भगदाड एवढं झालं की त्यात म्हैस बसली असती. पाणी ओसरल्यावर आत्या त्याच्यासमोर उभी राहून शांतपणे म्हणाली, "आणखी एक पावसाळा. मंग हे गेलं." मग माझ्याकडे वळून, "कुणाला बोलू नको हां." म्हणजे पुढच्या पावसात कोपरा तुटून ओहोळ सरळ खाचरातून वाहणार, आणि त्यांनी डोक्यावरून वाहिलेली सगळी माती नदीला जाणार. एवढं ठाऊक असूनही ते बोलायचं मात्र नाही.

त्याच सुमारास गावात पाणलोटाची योजना आली. खाचरांचे पडके बांध सरकारी खर्चाने दगडात बांधून देणार, जादा पाणी जायला सांडवा करून देणार, डोंगरउतारावर चर खणणार, असं बरंच काही. गावाची समिती झाली. समितीत बायका पाहिजेत असा नियम होता, आणि लिहिणारं कुणीतरी गावाला हवंच होतं. मी बाई होते आणि बारावी पास होते, म्हणून दोन्ही गरजा माझ्यावरच भागवल्या. सरपंच घरी येऊन म्हणाले, "सूनबाय, काय नाय गो, नुसतं बसून लिवायचं." मी सबंध योजनेत एकदाही बसले नाही, ते सोडा.

पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते. म्हणून प्रत्येक शेताची पाहणी करून मार्क द्यायचे आणि ज्याला जास्त मार्क त्याचं काम आधी, असं ठरलं होतं. मार्क कशाला देतात याचा कागद तोवर गावात आला नव्हता. आला होता तो फक्त निरोप: सोमवारी कृषी खात्याचे साहेब येणार, शेतांना मार्क देणार.

आता यात गावाची काय चूक, ते मला आजही कळत नाही. आदल्याच वर्षी स्वच्छ गावाची स्पर्धा झाली होती. तेव्हाही जीप आली, माणसं उतरली, त्यांनी गटारं बघितली, शाळेचे माठ बघितले, मार्क दिले आणि आमचा दुसरा नंबर आला. ती ढाल सरपंचांच्या कपाटात, रोज पुसली जायची. त्यामुळे जीप येणार म्हटलं की काय करायचं हे गावाला चांगलं पाठ होतं. "या टायमाला पयला नंबर सोडायचा नाय," असं सरपंचांनी देवळासमोर जाहीर केलं, आणि गाव पेटलं.

फाल्गुन होता, शेतं रिकामी. सगळ्यांनी घरं सोडली आणि बांधांवर ठाण मांडलं. पडलेले बांध ओल्या मातीने लिंपले, वर शेणाने सारवले. जिथे पाण्याने घळ पाडली होती तिथे पेंढ्याची उडवी रचून ती झाकली. कुणी वाटेच्या तोंडाशी आंब्याच्या डहाळ्यांचा टाळा बांधला. आमचे शेजारी काका तर सगळ्यांच्या पुढे. त्यांनी बांधाच्या दगडांना चुना फासला. लांबून त्यांचं शेत पोलीस चौकीच्या आवारासारखं दिसायला लागलं. मी आमच्या वरच्या शेतात रांगोळी काढली. हो, काढली. ठिपक्यांची. वारा सुटला तसा हात फिरवून परत काढली.

आत्या मात्र सगळा वेळ ओहोळाकडच्या कोपऱ्यावर होती. भगदाडात तिने खालपासून दगड बसवले, फटींत चिखल भरला, वर हरळीचे गड्डे लावून पाणी घातलं. दोन दिवसांत ती जखम अशी बुजवली की मलासुद्धा जागा शोधावी लागली. मुलगी दाखवायच्या दिवशी तिच्या गालावरचा व्रण पावडरने झाकतात ना, तसं. वर हात झाडत मला म्हणाली, "बघ. हाय का काय?"

सोमवारी जीप आलीच नाही. आला तो मोटारसायकलवर एक तरुण कृषी सहायक. गळ्यात पिशवी, खांद्यावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची नळी. नळीची दोन टोकं लांब धरून जमिनीचा उतार बघायची त्याची पद्धत. पहिल्या शेताच्या तोंडाशी टाळा आणि रांगोळी बघून त्याने बूट काढले.

"इथे काही कार्य आहे का?" त्याने हळूच मला विचारलं.

"तुमचंच," मी म्हणाले.

त्याने पिशवीतून छापील कागद काढला, माझ्या हातात दिला आणि सांगायला लागला. जमिनीची धूप, शून्य. बांधाची पडझड, शून्य. घळ, शून्य. मी लिहीत होते, आणि सरपंच प्रत्येक शून्याला मान डोलवत होते. त्यांच्या हिशेबाने शेतात दोष शून्य, म्हणजे आता खाली पैकीच्या पैकी येणार. पुढच्या शेतातही शून्य. काकांच्या चुना लावलेल्या शेतात तर सहायकाने कागदाकडे न बघताच सगळी शून्यं सांगितली. काका छाती काढून उभे.

मग मी कागदाच्या वरची बारीक अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"भाऊ, एक विचारू? शेत चांगलं असलं की मार्क कमी?"

"अर्थात, वहिनी. जी जमीन जास्त वाहून जातेय तिला जास्त मार्क. आजारी माणसाला आधी औषध देतात ना? धडधाकटाला कशाला?"

मी हातातल्या कागदात तोंड खुपसून हसायला लागले. थांबेचना. सरपंच विचारत होते, "काय झालं? किती पडले?" आणि मला बोलता येत नव्हतं. शेवटी सहायकानेच त्यांना समजावून सांगितलं. सरपंचांनी मागे वळून गावभर सारवलेल्या बांधांवरून नजर फिरवली.

"म्हंजे आमी हे सगळं..."

"हो."

"चुना पन?"

"चुना तर फारच."

त्याच वेळी काका लांबून ओरडले, "सायेब, आमचा नंबर कितवा?" आणि मी परत कागदात तोंड खुपसलं.

बाकीची शेतं त्या माणसाने कर्तव्य म्हणून बघितली. ओहोळाकडच्या कोपऱ्यावरही आला. आत्याच्या हरळीवर पाय ठेवून त्याने ‘धूप, शून्य’ म्हटलं आणि मी ते माझ्या हाताने लिहिलं. आता मात्र हसू आलं नाही. आत्या तिकडून विचारत होती, "कसं हाय सायेब?" तो म्हणाला, "उत्तम." तिचं तोंड असं फुललं की मला कागद फाडून टाकावासा वाटला.

जेवायला कोंबडी होती, तांदळाची भाकरी होती. ज्या गावाला आपण सरसकट नापास केलं त्याच गावाची कोंबडी खायची म्हणजे त्या बिचाऱ्याला घास उतरेना. शेवटी तो म्हणाला की हे मार्क असेच वर गेले तर या गावाला योजनेची गरजच नाही असं ठरेल, आणि पैसे ओहोळापलीकडच्या गावाला जातील. पलीकडच्या गावाचं नाव ऐकल्याबरोबर सगळ्यांचे हात ताटातच थांबले. सरपंचांनी बाबापुता केलं. सहायकाने कागदावर अजून सही केली नव्हती. "आठवड्याने परत येतो," तो म्हणाला, "पण खरं आहे ते दाखवा."

मग जो आठवडा गेला तसा आठवडा मी पुन्हा पाहिला नाही. ज्यांनी सारवलं होतं त्यांनी उकरलं, ज्यांनी झाकलं होतं त्यांनी उघडलं. उडव्या हलल्या, टाळे उतरले. काका दगडांचा चुना घासून काढत होते आणि तो निघत नव्हता. किन्हवलीच्या स्टँडवर चहाच्या टपरीत आमची माणसं एकमेकांवर ताण करायला लागली. "माझा बांध तर पार गेलाय." "तुजा बांध तरी हाय, माझ्यात नुसता दगूड राह्यलाय." कालपर्यंत जी माणसं बिघाभर जमिनीच्या जोरावर मिशीला पीळ द्यायची, ती आता आपल्या शेताची बदनामी रंगवून सांगत होती. ऐकणाऱ्या परगावच्या माणसांना वाटलं असेल, गाव उठून जातंय.

एकटी आत्या हलली नाही.

"आत्या, कोपरा उघडायला लागेल," मी म्हणाले.

"का?"

"मार्क मिळतील. बांध होईल. तुम्हीच म्हणालात ना, आणखी एक पावसाळा."

"ते मी तुला बोल्ले. गावाला नाय."

"अहो, पण साहेबांना कसं कळणार?"

"चारचौघांत माझ्या खाचराला नासकं म्हणू? मी काय सावत्र आय हाय त्याची?"

मीही काही कमी तापट नव्हते. पातेलं आपटलं, बोलले की तुमच्या या ताठ्यापायी घरचा तांदूळ ओहोळात जाणार, आणि मग ताठाच शिजवून खाऊ. ती म्हणाली, "शिजवीन. मीठ तेवढं तू घाल." या बाईशी भांडण करणं म्हणजे हसू दाबायचाच व्यायाम होता. तरी मी पदर खोचून म्हणाले की मीच जाते आणि दगड काढते. तेव्हा ती एकदम खालच्या आवाजात बोलली. "त्यानला जाताना मी सांगितलं होतं, खाचराचं बघते. आता तेच जातंय असं ओरडून कुणाला सांगू?"

मी पातेलं सरळ ठेवलं.

आठवड्याने सहायक आला. या वेळी बूट काढले नाहीत, पण वाटेत थबकला मात्र. कारण आठवड्यापूर्वीचं ते नटलेलं गाव आता भूकंप होऊन गेल्यासारखं दिसत होतं. सगळे आपापल्या शेतात चेहरे पाडून उभे. पण माणूस हुशार होता. घळीच्या कडा बोटाने चाचपायचा, मुळं बघायचा. जुन्या घळीतली मुळं वाळून काळी झालेली असतात आणि कालच खणलेल्या चरात पांढरी, हे त्याने मला त्या दिवशी शिकवलं. खरी पडझड बऱ्याच ठिकाणी होतीच, तिला त्याने मोकळ्या हाताने मार्क दिले.

काकांच्या शेतात एक झकास घळ होती. लांबलचक, खोल, वळणदार. काकांनी तिच्याकडे असा हात केला की जणू कुलदैवत दाखवतायत. सहायकाने घळ बघितली, उतार बघितला, मग काकांकडे प्यायला पाणी मागितलं. काका तांब्या घेऊन आले. त्याने दोन घोट घेतले आणि उरलेलं घळीत ओतलं. पाणी जिथे पडलं तिथेच बसलं, मग हळूहळू काकांच्या पायाकडे परत यायला लागलं. काकांनी घळ चढाच्या दिशेने खणली होती.

"काका, तुमच्याकडे पाणी डोंगरावर चढतं का?" सहायकाने विचारलं.

"कधी कधी," काका म्हणाले.

सरपंचांना ठसका लागला. मी मार्कांच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं तर सहायक बराच वेळ पाठ फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. काकांच्या दुसऱ्या बांधाची पडझड खरी होती, तिचे मार्क त्यांना मिळाले. ते त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारले.

या सगळ्या हास्यकल्लोळात आम्ही ओहोळाच्या वळणावर आलो. आत्या बांधावर हाताची घडी घालून उभी होती. हरळी आठवडाभरात छान पकडली होती, हिरवीगार. सहायकाने नळी लावली, पाठ वाकवून कोपरा बघितला, वरून दोन-चार पावलं टाकली, टाच आपटली. माझी लेखणी कागदावर टेकलेली. मी आत्याकडे बघत होते, ती ओहोळाकडे.

"मावशी, खरंच सुंदर काम आहे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "गावात असा बांध नाही. याला काही करायची गरज नाही. आपोआप टिकेल हा."

आत्याने सावकाश मान वळवली.

"काय बोल्लास?"

"टिकेल म्हटलं. आपोआप."

"आपोआप?" तिचा आवाज चढला, आणि पलीकडच्या माळावरची गुरं नक्की थांबली असणार. "आपोआप टिकतो हा? अरे, मी हितं हुबी राहते म्हणून टिकतो! आषाढात हुबी राहते, श्रावणात हुबी राहते. हे होते तवा हे हुबे राहायचे. आपोआप म्हणतोस? ये, खाली ये. तुला दाखवते आपोआप!"

आणि तिने बांधाखाली उडी मारली. त्या वयात! पदर कंबरेला खोचला आणि आपल्याच हाताने लावलेली हरळी उपटायला सुरुवात केली. गड्डे एकीकडे, दगड दुसरीकडे. सरपंच "वैनी, वैनी" म्हणत राहिले. सहायक बावरून दोन पावलं मागे सरला. मी कागद दगडाखाली ठेवला आणि उडी मारून तिच्या शेजारी दगड ओढायला लागले. मला कळत होतं की हे भांडण आहे, आणि तरी माझ्या अंगात कुणीतरी ढोल वाजवत होतं.

भगदाड उघडं झालं. नुसतं भगदाड नव्हतं ते. आत वर्षानुवर्षांचं कोंबलेलं दिसत होतं, एकावर एक. आत्या एकेक दाखवत गेली, धाप लागलेली, थांबायचं नाव नाही. "हा दगूड औंदाचा. ह्या फांद्या गेल्या सालच्या. ही पोत्यातली माती, ही सूनबायनी भरली. हा बघ, जात्याचा तळ. माझं लग्नातलं जातं फुटलं, ते त्यांनी हितं बसवलं. मी रडत होते आन् हे बोल्ले, आता हे शेत दळील." हे सांगताना ती हसली. "हा त्यांचा हात. हा माझा. आता सांग, कुठला आपोआप हाय?"

सहायक खाली उतरला, भगदाडात हात घालून त्याने मागची माती चाचपली. ती ओली होती, फाल्गुनातसुद्धा. आतून पोकळ झाली होती. तो वर न बघता म्हणाला, "वहिनी, लिहा. धूप, पैकीच्या पैकी. पडझड, पैकीच्या पैकी." कागदावर खाली आणखी एक ओळ होती, जमीनधारकाने स्वतः केलेले प्रयत्न. बाकीच्यांना त्याने तिथे एक-दोन मार्क दिले होते. "इथे पाच," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पाचाच्या वर जागाच नाही."

मी लिहिलं. आत्याने वर येऊन विचारलं, "पास का नापास?" मी म्हणाले, "आत्या, तुमचं शेत गावात सगळ्यात खराब आलंय." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "दुसरा कुनी जवळपास हाय का?" नाही म्हटल्यावर तिने मान हलवली, आणि संध्याकाळी घरोघरी साखर वाटली. काकांच्या हातावर चिमूटभर जास्त ठेवली.

यादी लागली तेव्हा अजून एक गोष्ट उलगडली. कामाचा क्रम नुसत्या मार्कांनी ठरत नव्हता. पाणी वरून येतं म्हणून काम माथ्याकडून सुरू करायचं आणि पायथ्याकडे यायचं. ओहोळाच्या माथ्याला डोंगरावर एक पाडा होता. तिथली अर्धी माणसं तेव्हा वीटभट्टीवर गेलेली, त्यामुळे ना कुणी त्यांची शेतं सारवली ना उकरली. जशी होती तशी सहायकाने बघितली आणि त्यांना भरपूर मार्क मिळाले. आधी त्यांच्या उतारावरचे चर, मग मधले बांध, मग आमचा कोपरा. पाऊस तर कुणासाठी थांबणार नव्हता.

गावात कुरकुर झाली. आत्याने कुरकुर केली नाही. तिने सरळ फावडं उचललं आणि डोंगर चढून पाड्यावर कामाला गेली. "वरचं उरकलं की आपलं आलं," असा तिचा साधा हिशेब. मलाही ओढलं. पाड्यावरच्या बायका चर खणता खणता त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणायच्या, आत्या तिच्या बोलीत उत्तर द्यायची, आणि दोन्हीकडच्या हसून लोळायच्या. भट्टीवरची माणसं परत आल्यावर काम झपाट्याने खाली सरकलं आणि ती सगळी आमच्या कोपऱ्यावर आली. दगड बसला. एका बाजूला सांडवा झाला. जात्याचा तळ कुठे ठेवायचा म्हणून गवंड्याने विचारलं, तर आत्या म्हणाली, "आतच बसव." शेवटचा दगड लागला तेव्हा राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, भात पेरून झालं होतं.

आषाढात एकदा पाऊस लागला तो सुटेचना. एसट्या बंद झाल्या म्हणून नवरा घरीच होता. सकाळी ओहोळाचा आवाज वाढला तसं आत्याने इरलं घेतलं, फावडं घेतलं आणि निघाली. मी मागे. वळणावर पोचलो तर तांबडं पाणी नेहमीसारखं त्या कोपऱ्यावर येऊन आदळत होतं. आदळायचं, वळायचं आणि निमूट खाली जायचं. खाचरातलं जादा पाणी सांडव्यावरून शिस्तीत पडत होतं. नुकतंच लावलेलं भाताचं आवण उभं होतं.

आत्याने फावड्याचा दांडा बांधात ठिकठिकाणी खुपसून बघितला. या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. काहीतरी करायला शोधत होती. एक ढेकूळ उचललं, कुठे लावावं कळेना, परत ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय नाय गो करायचं." आणि एकदम ओहोळाकडे तोंड करून ओरडली, "ये! ये ना आता!" मीही ओरडले. दोघी त्या बांधावर भिजत ओरडत होतो, नाचत होतो म्हटलं तरी चालेल, आणि ओहोळ बिचारा आपल्या वाटेने चालला होता.

दुपार व्हायच्या आतच घरी आलो. ती जेवली, हात धुतले, चुलीशेजारी घोंगडी टाकून आडवी झाली. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, कौलांवरचा आवाज असा की बोललेलं ऐकू येऊ नये. थोड्या वेळाने त्या आवाजातून दुसरा एक आवाज यायला लागला. आत्या घोरत होती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. मग माझ्या कानाशी म्हणाला, "आय बरी हाय ना?"

"झोपल्यात. का?"

"नाय," तो म्हणाला. "पाऊस पडताना आय झोपलेली मी कधी बघितलीच नाय."

मला हसू यायला लागलं होतं ते अर्ध्यावरच राहिलं. आम्ही दोघं तिथेच उंबऱ्यावर बसलो. संध्याकाळी गुरं हंबरली, दूध काढायची वेळ झाली, तरी तिला कुणी उठवलं नाही.